मधल्या टप्प्यावरची झडप

१

लिफ्टच्या कामात डोळ्यांचा काडीचा उपयोग नसतो. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वरखाली जाते त्या उभ्या पोकळीत, मिट्ट काळोख, जिथे हात लावाल तिथे ग्रीस, आणि जोडीदार एकतर डोक्यावर कुठेतरी टांगलेला नाहीतर पायाखालच्या खड्ड्यात उतरलेला. अशा वेळी हाक मारायची. ओ आली की माणूस शाबूत. ओ आल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही, मग बाहेर इमारतीचा मालक कितीही आदळआपट करो. मिस्त्रीची उभी हयात या एका नियमावर गेली होती आणि त्याच्या हाताखाली कधी कुणाचं बोटसुद्धा चेमटलं नव्हतं. त्याला याचा अभिमान होता आणि चारचौघांत तो मिरवायला त्याला लाज वाटत नसे.

माणूस कामावर जे करतो तेच घरी आणतो. मिस्त्रीने लेकीलाही हीच सवय लावली. दुसरीतली पोर, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. हाक मारली की ती जिथे असेल तिथून ओ द्यायची आणि येण्याचं नाव काढायची नाही. त्यावरून घरात रोज वाजायचं.

"अहो, नुसती ओ घेऊन मी काय करू? तिचं लोणचं घालू?" बायको विचारायची.

"ओ आली ना? मग आहे ती. कशाला जीव खातेस?"

जिन्यात बापलेकींचा लिफ्टचा खेळ चाले. भिंगरी वरच्या मजल्यावर उभी राहायची, "बाबा, येऊ का?" असं विचारायची आणि खालून "ये" आल्याशिवाय पायरी सोडायची नाही. कधीकधी मिस्त्री मुद्दाम गप्प बसायचा. पोर आपली हूं नाही की चूं नाही, तिथेच उभी. बाकी कुणाच्या बापाला ती ऐकायची नाही, पण हा नियम मात्र मोडायची नाही.

अशा या तिघांनी एका सुट्टीच्या दिवशी समुद्रावर जायचं ठरवलं. तिथे सरकारी उद्यान होतं, लांबच लांब वाळू होती आणि टोकाला खडकावर जुनं दीपगृह होतं. दिवा कधीच बंद पडलेला. आता तिकीट काढून लोक वर जात आणि फोटो काढून खाली येत. त्या दिवशी वारं फार होतं. माणसं तुरळक होती आणि जी होती तीही आवरायला लागली होती.

बायकोच्या गुडघ्याने जिन्याचं नाव काढताच संप पुकारला. ती वाळूवर सतरंजी टाकून बसली. "जा तुम्ही दोघं. आणि तिचा हात सोडू नका."

मिस्त्री हो म्हणाला. नवरे जसं म्हणतात तसं.

२

दीपगृहाच्या तळाशी एक खोली होती. तिच्यात टेबल, पंखा आणि तिकीटवाली बाई. बाईंना समुद्राचं काही कौतुक राहिलेलं नव्हतं. त्यांनी वर न बघता तिकिटं फाडली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. थुंकू नये, कठड्यावर बसू नये, भिंतीवर नावं कोरू नयेत. सगळ्यात खाली, वेगळ्या रंगात, नंतर कुणीतरी घातलेली ओळ होती: जिन्यात हाका मारू नयेत.

"हाकांचं काय?" मिस्त्रीने विचारलं.

"घुमतात," बाई म्हणाल्या. "माणसं दचकतात. दचकली की पडतात. मग आम्हाला त्रास."

मिस्त्री मनात हसला. घुमणाऱ्या आवाजाचं ज्ञान त्याला ही बाई शिकवणार.

आत पाऊल टाकलं आणि त्याचा जीव हरखला. गोल भिंतीला चिकटून लोखंडी जिना वर चढत गेला होता आणि मधोमध, तळापासून दिव्यापर्यंत, पत्र्याचा एक जाडजूड पोकळ खांब उभा होता. पूर्वी वरचा दिवा घड्याळासारखा किल्लीवर फिरे आणि त्याचं वजन या खांबातून साखळीने हळूहळू खाली उतरे. म्हणजे शाफ्टच की. वजन, साखळी, कप्पी, सगळं त्याच्या घरचंच. त्याने भिंगरीला ते इतकं रंगवून सांगितलं की तिने तोंडातलं बोटही बाहेर काढलं.

अर्ध्या वाटेवर एक रुंद टप्पा होता. तिथे खांबाला लोखंडी झडप होती, बाहेरून कडी. साखळीला तेल घालणारा माणूस इथून आत शिरत असणार. मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं आणि कडी काढली. आता हे काही करायचं नसतं, पण आचारी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेला की झाकण उचलून बघतोच. आत गार काळोख होता, जुन्या तेलाचा वास होता आणि एका बाजूला माणूस उकिडवा बसेल एवढी फळी होती. खाली बघितलं तर तळ दिसेना.

"बाबा, मी आत बसू?"

"टाळकं फिरलंय का? पळ वर. मी आलोच."

भिंगरी धडधडत वर पळाली. तिची पिवळी टोपी वळणाआड गेली. मिस्त्री टप्प्याच्या पलीकडच्या अंगाला, खिडकीपाशी गेला. तिथे वारा असा घुसत होता की कान बंद व्हावेत. त्याने मान वर करून हाक मारली.

"भिंगरेऽ"

"ओऽऽ"

छान लांब, जिनाभर घरंगळत आलेली ओ. मिस्त्रीने निवांत खिडकीच्या चौकटीवर कोपरं टेकली आणि समुद्र बघत उभा राहिला.

३

किती वेळ गेला ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. पुन्हा हाक मारली ती निव्वळ सवयीने.

"भिंगरे"

"ओ."

मिस्त्री वळला. त्याची स्वतःची हाक अजून वर घुमत होती, पण आलेल्या ओ-ला शेपूट नव्हतं. आली आणि तिथेच संपली. अंथरुणात शेजारी झोपलेल्या माणसाने द्यावी तशी ती कोरडी होती. शाफ्टमध्ये प्रत्येक आवाजाला मागे ओढ असते. उंचावरून आलेला आवाज कसा येतो हे मिस्त्रीला कुणी सांगायला नको होतं, आणि हा आवाज उंचावरून आलेला नव्हता.

वारा असेल, त्याने स्वतःला सांगितलं. वारा आवाज खातो. तो परत खिडकीकडे वळला आणि खाली बघितलं.

सतरंजीवर बायको बसली होती. तिच्या शेजारी पिवळी टोपी घातलेली भिंगरी उभी होती.

ती समुद्राकडे बघत नव्हती. दीपगृहाकडे तोंड करून, हात खाली सोडून, सरळ उभी होती. मिस्त्रीला आठवत होतं त्याप्रमाणे त्याची लेक इतका वेळ सरळ कधीच उभी राहिली नव्हती.

उतरली असेल. आपल्या पाठीमागून गुपचूप उतरली असेल. वाऱ्यात पावलं ऐकू आली नसतील. त्यात काय एवढं? त्याने ओठ ओले केले आणि हलक्या आवाजात, स्वतःची खात्री करायला म्हणून, म्हटलं, "भिंगरे?"

"ओ."

तो धावत वर गेला. दिव्याच्या खोलीत काचा होत्या, गंजलेला चौथरा होता आणि कुणीही नव्हतं. तिथून त्याने आणखी एकदा हाक मारली, आणि ओ आली ती खालून, खांबातून. पत्र्याला कुणी तोंड लावून बोलावं तशी.

मिस्त्री भित्रा नव्हता. तुटलेल्या दोराच्या लिफ्टवर उभं राहून काम केलेला माणूस होता तो. पण लेक डोळ्यांना खाली दिसते आहे आणि तिचा आवाज इथे खांबात आहे, हे त्याच्या डोक्यात मावेना. तो जिना उतरू लागला. टप्प्यापाशी आला तेव्हा झडप अर्धवट उघडी होती, तशीच, त्याने सोडली होती तशी. आत काळोख. आणि काळोखातून, अगदी रोजच्या सुरात, आवाज आला.

"बाबा, येऊ का?"

"ये" हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. सवयच होती ती. त्याने दात घट्ट आवळून तो गिळला. खिशात मोबाइल होता, त्यात बॅटरी होती, आत एकदा उजेड मारून बघायला काहीच लागलं नसतं. त्याची हिंमत झाली नाही. त्याने खांद्याने झडप लोटली, कडी सरकवली आणि उरलेला जिना कठड्याला धरून तो कसाबसा उतरला.

मागून पुन्हा काही आलं नाही.

४

तिकीटवाल्या बाई पंखा बंद करत होत्या.

"माझी मुलगी आधी उतरली ना?"

"माझ्यासमोरून तरी नाही उतरली. पण मी मध्ये डबा धुवायला नळावर गेले होते." मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "हाका मारल्यात ना? पाटी काय शोभेला लावलीय?"

"वर कुणी आहे का?"

"तुमच्याबरोबर आलेलं माणूस बाहेर आहे ना? दिसतंय ना?"

मिस्त्रीने दारातून वाळूकडे पाहिलं. पिवळी टोपी तिथेच होती. "आहे," तो म्हणाला.

"मग झालं तर. चला, मला कुलूप घालायचंय."

तो वाळूतून चालत गेला. बायको सतरंजी झटकत होती. "आलात का बाई एकदाचे. ही कधीची येऊन उभी आहे. एक अक्षर बोलत नाही. ओरडलात काय तिला?"

मिस्त्रीने लेकीकडे बघितलं. नाक तेच, कपाळावरचा व्रण तोच, बुटाची एक नाडी नेहमीसारखी सुटलेली. त्याने चार हात लांब उभं राहूनच हाक मारली. "भिंगरे."

ती चालत त्याच्यापाशी आली. ओ न देता आली आणि मान वर करून उभी राहिली.

बायकोने मात्र कान टवकारले. "कुणीतरी ओ दिल्यासारखं वाटलं हो. तिकडून, लांबून."

"वारा असेल," मिस्त्री म्हणाला. त्याने पोरीचा हात धरला. हात ऊबदार होता, छोटा होता, रोजचाच होता. त्याला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. गाडी सुटायची वेळ झाली होती.

५

पहिले काही दिवस बायको खुशीत होती. "सुधारली हो कार्टी. हाक मारली की येते." अभ्यास करी, ताटातलं संपवी, विचारलं तर हो-नाही बोले. शाळेतल्या बाईंनी वहीत शाबासकी दिली. शेजारीण म्हणाली, समुद्राची हवा मानवली.

फक्त ओ देत नसे. मिस्त्री आतल्या खोलीतून हाक मारी आणि कान देऊन बसे. काही येत नसे. मग मान वळवावी तर ती दारात उभी. हळूहळू ती हाक पुरी व्हायच्या आधी येऊ लागली. नंतर नंतर तर हाक मारायचं नुसतं मनात यावं आणि ती कोपराशी उभी असावी.

एका संध्याकाळी बायको भांडी आवरता आवरता थांबली. "अहो, मला तिची जरा भीती वाटते," असं म्हणाली आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर चापट मारली. "काय बोलते मी. पोटची पोर."

"मोठी होतेय ती," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता.

त्याने एक करून बघितलं. जिन्याच्या खाली जाऊन उभा राहिला. भिंगरी वरच्या मजल्यावर कठड्याशी होती. तो काही बोलला नाही. खेळ तिला माहीत होता, आता तिने "येऊ का?" विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही. एकेक पायरी उतरत ती खाली आली, त्याच्या वरच्या पायरीवर थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचं तोंड मिटलेलं होतं. त्याला त्या क्षणी तिला जवळ घ्यावंसं वाटलं नाही, आणि या गोष्टीचीच त्याला जास्त भीती वाटली.

डोकं मात्र आपलं काम करत होतं. दीपगृहातला आवाज खोटा होता. खऱ्या आवाजाला शेपूट असतं, त्याला नव्हतं. लेक डोळ्यांसमोर आहे. आपण बरोबर वागलो. हे तो दात घासताना म्हणे, बसमध्ये म्हणे, जेवताना घास हातात धरून म्हणे.

६

मग एका जुन्या इमारतीत लिफ्ट अडकली. मिस्त्री खड्ड्यात उतरला. जोडीदार वर मशीनच्या खोलीत जायचा होता. बराच वेळ झाला म्हणून मिस्त्रीने मान वर करून हाक मारली.

"पोचलास का रे?"

"ओ."

मिस्त्री ताडकन उठला आणि त्याचं डोकं तुळईवर आपटलं. कोरडी ओ. शेपूट नसलेली, आली आणि तिथेच संपली अशी. तीच.

"अरे, हळू," जोडीदार म्हणाला. तो वर गेलाच नव्हता. खड्ड्याच्या बाजूला वायरिंगसाठी एक खोबण असते, तीत तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, मिस्त्रीपासून वीतभर अंतरावर. "वर कशाला ओरडतोस? मी इथे तर आहे. पान्हा पडला होता."

मिस्त्रीने बॅटरी त्याच्यावर मारली. खोबणीत, फळीवर बसावं तसा बसलेला माणूस.

शेपूट नसलेला आवाज जवळच्या माणसाचा असतो. हे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नव्या लोकांना तो स्वतः शिकवत आला होता. आपण खिडकीत समुद्र बघत असताना पोर वरून परत आली, उघड्या झडपेतून आत शिरली आणि फळीवर बसली. बस इतकंच झालं होतं. बोलावलं तेव्हा तिने ओ दिली. येऊ का म्हणून विचारलं. आणि "ये" म्हटलं नाही, म्हणून ती आली नाही.

त्याने कडी लावली होती.

"काय झालं रे? कुठे निघालास?" जोडीदार मागून विचारत होता. मिस्त्री हत्यारं तिथेच टाकून शिडी चढत होता. त्याच्या घशातून कसला तरी आवाज येत होता आणि तो त्याला थांबवता येत नव्हता.

७

दुपारचं ऊन होतं. उद्यानात चिटपाखरू नव्हतं. तिकीटवाल्या बाईंनी त्याला ओळखलं की नाही कोण जाणे. त्याच्या कपड्यांवरचं ग्रीस बघून त्यांनी तिकीट मागितलं नाही.

"जिन्याचं काम करायला आलात का?"

"बाई," त्याला धाप लागली होती, "मधल्या दिवसांत वरून काही आवाज आला का? हाका?"

"इथे हाका येतातच. म्हणून तर पाटी आहे. आम्ही कुणी ओ देत नाही." त्यांनी टेबलावरची धूळ पुसली. "मागे फारच येत होत्या. बाबा, येऊ का, बाबा, येऊ का, डोकं उठवलं नुसतं. आता बंद झाल्यात."

मिस्त्रीने भिंतीला हात टेकला. मग तो जिन्याकडे धावला.

टप्प्यावर पोचला तेव्हा त्याला श्वास घेता येत नव्हता. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि झडपेवर पडलं होतं. कडी जशीच्या तशी. त्याने पत्र्याला कान लावला. आत समुद्राची गाज होती, बाकी काही नाही. त्याने कडीवर हात ठेवला आणि ती ओढायचं बळ त्याच्या हातात येईना. कारण ओ आल्याशिवाय काही हलवायचं नाही, आणि ओ आली नाही तर आत काय असेल ते त्याला बघायचं नव्हतं.

"भिंगरे," तो पत्र्याला तोंड लावून म्हणाला. "बाळा, चुकलो गं मी. ये. ये आता."

त्याची हाक खांबातून वर गेली, खाली गेली, घुमून घुमून विरली. तो थांबला. गुडघ्यांवर बसला, कपाळ पत्र्याला टेकवलं आणि थांबून राहिला. आत फळी करकरली नाही. श्वास नाही, हालचाल नाही.

मग त्याच्या हातावर एक छोटा हात येऊन पडला.

ऊबदार हात, रोजचा. मिस्त्री एकटा आला होता. लेक यावेळी शाळेत होती, इथून कितीतरी लांब. त्याने मान वळवली नाही. डोळ्यांच्या कडेला पिवळं काहीतरी दिसत होतं, तेवढंच त्याने पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"भिंगरे," त्याने पुन्हा झडपेला विचारलं. अगदी हळू. भीक मागावी तसं.

"ओ," उत्तर आलं. कोरडं, वीतभर अंतरावरून, त्याच्या लेकीच्या आवाजात. त्याच्या कानामागून.

आतून काही आलं नाही.